तुझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलला

गोरेगाव, ता. सेनगाव
८ डिसेंबर २०२४

चि. रामप्रसाद,

दादाचा आशीर्वाद. मिना आणि लेक सृष्टी खुशाल असतील. आम्ही इकडं ठीक आहोत. तांड्यावरचं सोयाबीन निघालं, हरभरा बरा उगवलाय. तुझी वहिनी रुक्मा रोज तुरीच्या शेंगा उकडते, घरभर वास असतो.

टाइप केलेलं पत्र हातात आल्यावर तुला परकं वाटेल. फोन तू उचलत नाहीस, त्याची तक्रार नाही. फोनवर मला हे सांगता आलंही नसतं.

तुझा कॉलेजचा लॅपटॉप तू घरीच ठेवून गेलास. तो मी वापरतो. त्याचा प्रोसेसर परवा बदलून घेतला. वस्तू तुझी, म्हणून कळवतो. रॅम आणि डिस्क मागंच बदलली होती, पण तो पुरता सुधारला नाही. एक अक्षर दाबलं की ते कळेपर्यंत मी पुढची तीन दाबून बसलेला असायचो. चूक कुठं झाली ते सापडायचं नाही, सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून.

हिंगोलीत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला विजयकुमार नावाच्या माणसाचं दुरुस्तीचं दुकान आहे. तो म्हणाला, नवाच घ्या सर, ह्याच्यात जीव राहिला न्हाई. मी नको म्हणालो. नव्याची बटणं वेगळ्या जागी असतात आणि माझ्या बोटांना हीच पाठ आहेत. मग त्यानं सांगितलं की नव्या लॅपटॉपांचा प्रोसेसर बोर्डालाच चिकटवलेला येतो, तुमचा जुना आहे म्हणून निघतो. त्याच जातीचा, वरच्या दर्जाचा, वापरलेला प्रोसेसर त्यानं हैदराबादहून मागवला.

तो आल्यावर रुक्मा आणि मी जीपनं गेलो. मी टेबलाजवळच खुर्ची मागून घेतली. त्यानं लॅपटॉपची पाठ उघडली, पंखा काढला, त्याखालची तांब्याची पट्टी निघाली. मधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती त्यानं घासून काढली. मग एक स्क्रू अर्धा फिरवला आणि प्रोसेसर नुसता उचलला. जोर लावायचाच नसतो म्हणे. जुना त्यानं माझ्या हातात दिला. चौकोनी बिस्किटाएवढा, खालून बारीक तारांचा, बोटाला ब्रशसारखा लागतो. नव्याला मात्र हात लावू दिला नाही. एक तार वाकली तर सगळं गेलं.

पहिल्या वेळी चालू झाला नाही. पंखा घुमला, पुढं काही नाही. विजयकुमारनं पुन्हा सगळं खोललं, जुना बसवला, बोर्डाचा आतला मूळ प्रोग्रॅम नवा करून घेतला आणि परत हा बसवला. तोवर रुक्मा दोनदा म्हणाली, चला घरी, काहून जिवाला लावून घेऊन राहिले. मी उठलो नाही.

बटण दाबल्याचा आवाज आला. पंखा सुरू झाला. कुणी काही बोलेना, म्हणून मी विचारलं, "स्क्रीन आली का?"

विजयकुमारनं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. मग हळू म्हणाला, "आली की सर. तुमच्या समोरच तर हाय."

रुक्मा म्हणाली, "त्यायला दिसत न्हाई, भाऊ."

चहात साखर नको, असं सांगावं तसं म्हणाली. चारचौघांत हे वाक्य पहिल्यांदाच बोललं गेलं.

नंतर त्यानं पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम सुरू केला. मी 'र' दाबला. बोट उचलायच्या आत तो 'र' म्हणाला.

तर रामप्रसाद, असं आहे. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. एका दिवसात झालेलं नाही. आधी संध्याकाळचं दिसेना, मग दोन्ही बाजूंचं जायला लागलं. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं राहिलं. तेही गेलं. नोकरी आहे. मी तोंडी शिकवतो, फळ्याचं काम दुसऱ्या बाई बघतात. पोरं आवाजावरून ओळखू येतात.

तुझ्या लग्नाच्या त्या मांडवात मिना पाया पडायला वाकली आणि मी पुढं निघून गेलो. तुझ्या सासरची माणसं उभी होती. दादा मोठा मास्तर झाला, असं तू म्हणालास, ते मी ऐकलं. ती मला दिसली नव्हती. तेव्हा मलाच नीट माहीत नव्हतं, चष्मा बदलू म्हणत होतो. माहीत झालं तेव्हा तू बोलणं बंद केलं होतंस, आणि घमेंडखोर म्हणवून घेणं मला आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा सोपं वाटलं.

हे सगळं मी कधी लिहिलंही नसतं. पण दिवाळीत तुझा मित्र देवला तांड्यावर आला होता. त्यानं सांगितलं, तू संध्याकाळी गाडीसकट पुलाखाली गेलास, खांद्याला प्लास्टर आहे. समोरच्या गाडीच्या लाइटनं डोळे दिपले, असं तू सगळ्यांना सांगतोस म्हणे. मीही तेच सांगायचो.

त्या रात्री मी जेवलो नाही. रुक्माला लिहायला सांगता आलं असतं. मोबाइलवर बोलून लिहितात, तसंही जमलं असतं, पण घरातल्यांच्या देखत हे मोठ्यानं बोलायची माझी तयारी नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी विजयकुमारला फोन केला.

छत्रपती संभाजीनगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं की हे रक्तात असतं. त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी नाही म्हणालो. घरी आल्यावर थावराकाका आठवले. दिवस मावळला की ते बैलाच्या शेपटीला धरून घर गाठायचे. सगळा तांडा हसायचा, आपणही हसायचो. याडी तेवढी हसायची नाही, आईला कळत असावं.

तुला ते नसेलही. सगळ्यांनाच होतं असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण बघून घे. डोळ्यांत औषध घालून मागचा पडदा तपासतात, दुखत नाही. सृष्टीचंही तपासून घे. जिन्यावर, अंधारात ती अडखळत असेल, तर वेंधळी म्हणून रागावू नकोस.

माझ्याशी बोललं पाहिजे असं नाही. डॉक्टर काय म्हणाले, तेवढं रुक्माच्या फोनवर मिनाला सांगू दे. मी शेजारी बसून ऐकेन.

दवाखान्यात दिवसाउजेडी जा. आणि गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू दे.

तुझा थोरला भाऊ,
मोहनसिंग