डेन्झिलचं मत

शुक्रवार, १० जून २०१६

डेन्झिल पडला! धक्क्याच्या लोखंडी शिडीवरून, भर ओहोटीत, खाली चिखलात. वय सहासष्ट. स्वतःची बोट मोडून बावीस वर्षं झाली, तरी महाशयांना आपल्या मित्राच्या, जोरीच्या, बोटीवर उतरून जाळी बघायची होती. खुबा मोडलाय. ट्रुरोच्या इस्पितळात उद्या ऑपरेशन.

सांगायला जोरी स्वतः आला, टोपी हातात घेऊन. "धरला होता गं मी त्याला, निसटला." बोलत होता माझ्याशी, पण बघत होता माझ्या खिडकीतल्या पाटीकडे — 'संघातच राहू या'. माझ्या भावाचं हाड मोडलंय आणि याचं लक्ष माझ्या मताकडे!

रविवार, १२ जून

ऑपरेशन नीट झालं. तीन आठवडे तिथंच मुक्काम. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य — "म्हणजे तेवीस तारीख गेली माझी."

तेवीस तारीख म्हणजे मतदान. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं. दुसरं बोलायलाच कुणाकडे काही नाही सध्या. बेकरीत पाव मागितला तरी बाई आधी अंदाज घेते, ही कुठल्या बाजूची.

माझं खरं मत इथंच लिहिते, बाहेर बोलले तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हा प्रश्न लोकांना विचारायलाच नको होता. या गावातल्या निम्म्या मतदारांना भागाकार मी शिकवलाय. एकतीस वर्षं! कुणाला किती येतो ते मला विचारा. चाळीस वर्षांचे करार, कायदे, बंदरं, औषधं, विद्यापीठं — आणि उत्तर काय, तर एक फुली. मला तरी सगळं कळतं का? नाही कळत. मग मलाही विचारायला नको होतं. खासदार निवडून दिलेत ते कशासाठी? त्यांना निर्णय नको होता म्हणून आमच्या गळ्यात मारला, असा मला दाट संशय आहे.

सोमवार, १३ जून

मांस-बटाटा भरलेली पेस्टी भाजून इस्पितळात घेऊन गेले. कोपऱ्यावर कणकेचं 'डे' लावलं होतं, आई लावायची तसं. आमच्याकडे ज्याच्या नावाचं अक्षर त्याची पेस्टी. दुसऱ्याची खाल्ली की मार. त्यानं ते अक्षर बराच वेळ बघितलं. खाल्लं नाही फारसं.

मग एकदम म्हणाला, "टॅम, माझं मत तू टाक."

सोय आहे तशी. अडलेल्या माणसाच्या वतीनं दुसऱ्यानं जाऊन फुली मारायची. पण मी?

"जोरीला सांग की. तुमचं एकच मत आहे."

"नको. तूच."

"आणि फुली कशावर?"

"बाहेर. आणखी कशावर असणार?" असं म्हणून खिडकीकडे बघायला लागला. "आणि हे बघ, टाकलंस की येऊन मला सांगत बसू नकोस. गुप्त म्हणजे गुप्त."

मी म्हटलं, डेन्झिल, मासे धरायचा कोटा म्हणजे काय, तो कोण ठरवतं, आपल्याच सरकारनं त्यातला किती मोठ्या कंपन्यांना दिला, तुला यातलं काय माहीत आहे? तर म्हणाला, "भागाकार येत नाही म्हणून माणसाला पोट नसतं काय गं?"

 याचं उत्तर मला परतीच्या बसमध्ये सुचलं, पण तेही काही धड नव्हतं.

यात काहीतरी पाणी मुरतंय. सख्खा मित्र सोडून, ज्या बहिणीशी वर्षभर याच विषयावर भांडतोय तिच्या हातात मत देतो? जोरीनं काही शिकवलंय का? माझी परीक्षा घेतायत का दोघं मिळून?

मंगळवार, १४ जून

फॉर्म भरला. तो कॉटवर आडवा, मी लिहिणार, मग मी बोट ठेवीन तिथं त्याची सही.  सही करताना म्हणाला, "झालं ना? तुला कळतं यातलं." हसत म्हणाला. मला नाही हसू आलं.

कारण याआधी असाच एक फॉर्म भरलेला आहे मी. चौऱ्याण्णव साली. ब्रसेल्सहून संघाचं फर्मान, लंडनची योजना — मासे कमी, बोटी जास्त, तेव्हा आपली बोट मोडून टाका आणि भरपाई घ्या. त्याला नको होतं. मी चार रात्री त्याला समजावलं. आकडे मांडले. शेवटी म्हटलं, "तुला कळत नाही डेन्झिल, सही कर." आणि केली त्यानं. 'ऑलिव्ह रोझ', आईच्या नावाची बोट, खाडीच्या वाळूत ओढून आणली आणि यंत्रानं तिचा चुरा केला. मी शाळेत होते. तो तिथं उभा होता, शेवटची फळी निघेपर्यंत.

त्यानं मला कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

गुरुवार, १६ जून

किराणाच्या दुकानात जोरीनं गाठलं. आता याचं नवीन खूळ — मतदान केंद्रात दोरीला बांधलेली शिसपेन्सिल असते ना, तिची फुली मागाहून खोडतात म्हणे! गुप्त पोलीस बसतात रबर घेऊन! "मी पेन नेणार आहे, टॅमसिन. तूही ने. डेन्झिलचं मत आहे तुझ्याकडे."

म्हटलं, जोरी ट्रेम्बथ, पन्नास वर्षं त्याच पेन्सिलीनं मत देतोयस, तेव्हा नाही सुचलं?

"तेव्हा आम्ही जिंकण्यासारखं काही नव्हतं." मग जरा जवळ आला. "खोडणारा माणूस पोलीसच असायला हवा असं नाही म्हणा."

दुकानात चार बायका होत्या. सगळ्या कडधान्याच्या डब्यांकडे बघायला लागल्या. मला इतका राग आला! राग यासाठी की तोवर तसला विचार माझ्या मनात आलाच नव्हता, असं मला शपथेवर सांगता आलं नसतं.

रविवार, १९ जून

एलोवेनचा फोन. डेन्झिलची नात, पण वाढली माझ्याच स्वयंपाकघरात. आता समुद्रापलीकडे फ्रेंच किनाऱ्यावर, ब्रिटनीत, रॉस्कॉफला, तिथल्याच एका ब्रेतॉन मच्छीमाराबरोबर. "आपले मासे चोरणारा नातजावई," असं डेन्झिल सगळ्यांना सांगतो आणि त्याच नातजावयानं पाठवलेला कांदा पुरवून पुरवून खातो. सहावा महिना लागलाय पोरीला.

"आजी, बाहेर पडलं तर माझं काय? परवाना लागेल? हाकलतील?"

मला काय ठाऊक! कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तर म्हणते.

"आजोबांना विचारलं मी, कुणाला मत देणार. तर म्हणाले, मी कुठं देतोय, टॅम देणार आहे." आणि हसली. सुटकेचं हसली!  पोरीला वाटतंय, मी आहे म्हणजे दोन्ही मतं तिच्या बाजूनं.

बुधवार, २२ जून

कुणाला कळणार आहे? कुणालाच नाही. कागदावर नाव नसतं. त्यानं तर स्वतःच सांगितलंय, मला सांगू नकोस. त्याच्याच नातीसाठी, त्याच्याच पणतवंडासाठी. त्याला खरंच कळलं असतं तर त्यानंही हेच केलं असतं.

हे वाक्य मी आधी कधीतरी बोललेय.

गुरुवार, २३ जून

सकाळी दहाला गेले. चॅपलच्या हॉलमध्ये. टेबलापाशी माझीच जुनी विद्यार्थिनी, केरेन्सा. "बाई, हा तुमचा कागद. आणि हा डेन्झिलकाकांचा." यादीत पट्टी ठेवून त्याच्या नावावर रेघ ओढली. डेन्झिल जॉन पेन्गेली. आईनं ठेवलेलं पूर्ण नाव किती दिवसांनी ऐकलं.

आडोशात शिरले. दोन कागद, हुबेहूब. पेस्टीला निदान कोपऱ्यावर अक्षर तरी असतं! क्षणभर कळेचना कुठला माझा. मग डावा माझा, उजवा त्याचा, असं ठरवलं. माझ्यावर 'राहावं'ला फुली मारली, झटक्यात. मग उजवा ओढला. पेन्सिल 'राहावं'च्या चौकोनावर नेली. टेकवली नाही, पण नेली, हे खरं लिहायला हवं. एलोवेन डोळ्यांपुढे होती. बाहेरून जोरीचा आवाज येत होता, पेन आहे का पेन म्हणून सगळ्यांना विचारत होता.

आणि मला वाळूतली फळी दिसली.

त्याचं चुकत असेल. मला तर खात्रीच आहे चुकतंय. पण चुकायचा हक्क त्याचा आहे, मी एकदा तो काढून घेतला होता. 'बाहेर'वर फुली मारली. मोठी, ठसठशीत, कुणाच्या बापाला खोडता येऊ नये अशी. पेन्सिलीचं टोक मोडलं.

बाहेर आल्यावर जोरीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काही खिशात घालून आणलंय. बघू दे. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं.

शुक्रवार, २४ जून

बाहेर!!

लाखो मतांचा फरक. म्हणजे त्या एका फुलीनं काहीच बिघडलं नाही आणि काहीच सुधारलं नसतं. हे मी सकाळपासून दहादा स्वतःला सांगितलंय.

धक्क्यावर भोंगे वाजवतायत. एलोवेन फोनवर रडली. जोरी बिअरचे डबे घेऊन इस्पितळात गेला होता. नर्सनं काढून घेतले म्हणे. "पण डेन्झिल हसला नाही गं," असं मलाच सांगत होता. "तू काही घोळ केलास का? त्याला संशय आलेला दिसतोय."

सोमवार, २७ जून

तीन दिवस गेले, एक अक्षर विचारत नाही. जिंकलाय ना? मग हे थोबाड कशाला? चोरून माझ्याकडे बघतो. मी बघितलं की छताकडे बघतो.

त्याला वाटतंय मी फसवलं. नक्की! जन्मात एकदा मी त्याच्या मनासारखं वागले आणि हा माझ्यावरच संशय घेतो! बरं. विचार म्हणावं एकदा. विचारलंस की असं उत्तर देईन की जन्मभर लक्षात ठेवशील.

रविवार, ३ जुलै

काल घरी आणला. आज केशराचे बन केले, चहा दिला. खाडीकडे तोंड करून बसला होता. एलोवेनचं पत्र मांडीवर.

"टॅम. एकदाच विचारतो. माझा कागद — तू 'राहावं'वर टाकलास ना?"

मी ताठ झाले. याच क्षणाची वाट बघत होते. "नाही. तू सांगितलंस, अगदी तसाच. बाहेर."

कप खाली ठेवला त्यानं. 

"जोरीच्या तोंडावर मला खोटं बोलता आलं नसतं गं. आणि पोरीच्या विरुद्ध फुली मारता आली नसती. म्हणून तर तुझ्याकडे दिलं. म्हटलं, ही मला नक्की फसवेल."