न उडणाऱ्या विमानातली गादी

आई,
तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही.

मोठ्या विमानात श्रीमंतांची झोपायची खोली कशी दिसेल, याचा लाकडी नमुना आम्ही बनवतोय. गादी मी शिवली. साहेब म्हणतात, एका पलंगाच्या जागेत बारा खुर्च्या मावतात, हे कोण घेणार? त्यात उडताना-उतरताना आडवं व्हायला मनाई. नुसती हौस.

पण रोज सकाळी कुलूप उघडलं की गादीवर खळगा दिसायचा, कुणी पाय पोटाशी घेऊन झोपल्यासारखा. चादरीचं टोक उशीखाली खोचलेलं, बाबा खोचतात तसं. मला सोबत वाटायची, म्हणून बोललो नाही.

आज गादी सपाट होती.

घरचा फोन सकाळपासून कोणी उचलत नाहीये, म्हणून लिहितोय. बाबा उठलेत ना?

तुझा धाकटा