पाठ फिरवून कालवलेली शाई

ता. ४ फेब्रुवारी

पोट नातसुनेचं वाढतंय आणि तोंड तू लपवतोस, हे कुठलं वागणं? मागच्या पत्रात नुसती हवापाण्याची खबर. मी पणजी होणार हे तिला कळवावं लागलं. असो.

चि. ठोंब्यास आजीचे आशीर्वाद.

तिला आई नाही, माझे गुडघे तुमचा जिना चढू देत नाहीत. मग पहिल्या दिवसांत तिच्याजवळ कोण? ती लिहिते, हल्ली बापालाही बाळंतपणाची रजा मिळते. मी अक्षर लावून लावून दोनदा वाचलं. खरं का हे? पगारी? आणि बाप त्या रजेत करतो काय? तुझा बाप झाला तेव्हा तुझ्या आजोबानं दाराबाहेर चकरा मारल्या, तेवढीच त्याची रजा. हल्लीचा बाप नुसता लोळतो की दुपटी धुतो? सगळं नीट कळव. अक्षर मोठं काढ.

माया आहेच, ती दर पत्राला लिहायला लावू नकोस.

आजी

ता. ११ फेब्रुवारी

ती. आजीस, सा. न. वि. वि.

रागावू नकोस. रजा नव्या कायद्यानं आहे, पगारीही आहे. पण आमच्या छापखान्यात आजवर एकाही बापानं मागितलेली नाही. शिवाय रंगीत काम माझ्यावाचून अडतं. गिऱ्हाईक रंगाचा नमुना आणतं आणि मी सगळ्यांकडे पाठ फिरवून शाई कालवतो. निळी किती, पिवळी किती, कुणाला दिसू देत नाही. म्हणून तर नोकरी पक्की. कागद कापायच्या यंत्रावरची बाई माझ्या जागेवर टपूनच आहे. परवा मान लांब करून बघत होती, मी झटकन सगळं पुसून टाकलं. अशात घरी बसलो तर संपलंच.

बाळ झालं की संध्याकाळी लवकर येत जाईन. तूच हिला समजाव. बाप दुपटी धुतो का, ते मलाही ठाऊक नाही.

लोभ आहे तेवढा ठेव, राग जरा आवर.

तुझा ठोंब्या

ता. २६ फेब्रुवारी

ती. आजीबाईंस, स. न. वि. वि.

तुम्ही माझ्या आजी नव्हेत, पण तुमच्या पत्राचा सूर पाहून दुसरं काही लिहवेना. नातवाच्या पाकिटावर आमच्या छापखान्याचा पत्ता होता, तो बघून लिहिलंत हे कळलं. पाकीट फुकट वापरल्याबद्दल त्याला बोलू नका असं बजावलंत, बोलणार नाही.

मालकीण मनानं रजा देते की कायद्याला भिऊन, असं विचारलंत. खरं सांगते, दोन्ही. रजा त्याचा हक्क आहे. ती घेतली म्हणून मला त्याला काढता येणार नाही, काढायचंही नाही. पण त्याच सुमारास शाळेच्या पुस्तकांची मुखपृष्ठं छापायची आहेत. आधी सांगितलं तर कामाची मांडणी करता येते, आयत्या वेळी कळलं तर यंत्रं उभी राहतात. त्याच्या घरी बाळ येणार हे मला तुमच्याकडून समजलं!

गंमत म्हणजे बापांच्या रजेची माहिती देणारं मोठं पत्रक आमच्या दाराशी लागलंय. ते आमच्याकडेच छापलं, त्याची निळी शाई तुमच्या नातवानंच कालवली. रंग सुरेख साधला, वाचलं मात्र नसावं.

मी होऊन काही विचारणार नाही. तोंड त्यानं उघडावं. ही नवी ओळख राहू द्या.

छापखान्याची मालकीण

ता. ५ मार्च

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

मी तुझ्या मालकिणीला पत्र घातलं. बोंबलू नकोस, तिचं उत्तर सोबत आहे, ते वाच. बाई सरळ दिसते.

मला एक कळत नाही. शाई लपवून तू नोकरी बांधून ठेवलीस की स्वतःला? गुरं खुंट्याला बांधतात, तू तर खुंटाच गळ्यात घालून फिरतोस. आधी मालकिणीशी बोल. मग त्या कापणाऱ्या बाईला बोलाव आणि तिच्याकडे तोंड करून कालव. तिला चार रंग आले म्हणून तुझी बोटं झडत नाहीत. आणि ती मान लांब करून काय बघत होती, ते तिलाच विचार. मलाही ऐकायचंय.

बाकी तुझी अक्कल जागेवर असावी.

आजी

ता. १९ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर चिडलो होतो. मग मालकीणबाईंसमोर जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, वाट बघून कंटाळले होते. रजा मिळाली.

त्या बाईला शिकवतोय. पहिल्या दिवशी तिचं निळं जांभळं झालं, मनातून बरं वाटलं. परवा तिनं कालवलेला हिरवा माझ्याहून सरस उतरला, तेव्हा जरा कमी बरं वाटलं. मान लांब करण्याचं विचारलं. म्हणाली, इतकी वर्षं रंगीत कागद कापते, रंग होतो कसा ते एकदा बघायचं होतं. एवढंच!

पण आजी, घरी राहून मी नेमकं करायचं काय?

तुझ्या बोलण्यांची सवय आहे, ती मोडू नकोस.

ठोंब्या

ता. २७ मार्च

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

हा प्रश्न मीच तुला पहिल्या पत्रात विचारला होता, तो मलाच परत करतोस? रजेवरचा बाप मी जन्मात पाहिला नाही. बघायची फार हौस आहे, पण गुडघ्यांपायी पत्रावर भागवायचं.

तेव्हा ऐक. याचं उत्तर बाळ आल्यावरच यावं, आणि ते तू लिहायचं नाहीस. तुझे हात पोराखाली गुंतलेले असतील. उत्तर नातसुनेनं लिहावं, उशीला टेकून, सावकाश. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं, तर न फोडता परत धाडीन.

आजी