सुमन सातव्या मिनिटाला बोलते

८ जानेवारी, गुरुवार
डोळ्यांना तो डबा बांधून तू दिवसभर करतेस तरी काय? आईने फोनवर विचारलं. मी व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर लावून चारी बाजूंनी बघायचा सिनेमा, समजावून सांगितलं, तर म्हणाली, म्हणजे चष्म्याचं दुकान आहे का गं? घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि आईला माझं काम कळत नाही! हेडसेट लावला की माणूस दुसऱ्याच्या आयुष्यात उभा राहतो. सगळ्या देशाने एकदा लावला की भांडणंच संपतील. हे तिला उद्या सांगेन.

आमचे टीम हेड यशोधन सर म्हणाले, चलो, एक छोटी फिल्म करून दाखव. दहा साध्या माणसांनी शेवटपर्यंत बघून नायिकेचं नाव सांगितलं, तर गोष्टींचा विभाग तुझा. नाहीतर परत सबटायटलच्या टेबलावर. ते टेबल मी आजच विसरले.

१० जानेवारी, शनिवार
शूटिंग झालं! आमच्या नोएडाच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर. नायिका माझी रूममेट देविका. ती झाली सुमन, शिकायची इच्छा असलेली सून. सुमन खिडकीशी गप्प उभी असते आणि सातव्या मिनिटाला मनातलं बोलते. अंगावर काटा येतो (माझ्या आला).

कॅमेरा चारी बाजूंनी बघतो, म्हणून मी बाथरूममध्ये लपले. वातावरण हवं म्हणून गॅसवर दूध ठेवलं होतं. ते उतू गेलं. देविकाची त्याकडे पाठ होती. दिल्लीत वाढलेली मुलगी, नंतर म्हणाली, यार, घर जलाओगी क्या? शेगडी मलाच घासायला लावली. रीटेक नाही. दूध संपलं होतं. शिवाय वास्तववाद.

१३ जानेवारी, मंगळवार
ठरलं. शनिवारी गाझियाबादच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू आहे. तिथे दहा बायका सहज मिळतील. देविका म्हणते, बायका तिथे गप्पा मारायला येतात, रडायला नाही. तिला या माध्यमाची ताकद माहीत नाही. उद्यापासून पहाटे उठून पुढच्या तीन फिल्म लिहिणार.

१४ जानेवारी, बुधवार
उठले नाही. बाहेर धुकं होतं.

१७ जानेवारी, शनिवार, दुपारी ३.४५
हॉल भरलाय. हेडसेट चार्ज. रुमाल चार आणलेत, रडणाऱ्यांसाठी.

संध्याकाळी ७.३०
आधी हळदीकुंकू, मग हेडसेट, हा क्रम माझाच. मान आधी. दोघी झाल्या आणि हेडसेटचा स्पंज केशरी झाला. पुढच्या प्रत्येकीच्या गालापर्यंत कुंकू. रुमाल कामी आले.

पहिल्या बसल्या मंडळाच्या अध्यक्षा कुमुदिनीकाकू. दुसऱ्या मिनिटाला किंचाळल्या, अगं बाई, दूध! गॅस बंद करायला हात पुढे केला आणि वाणाच्या स्टीलच्या वाट्या हॉलभर. हेडसेट काढून म्हणाल्या, कोण गं ती खिडकीतली आळशी? तिला शिकायचंय, असं मी सांगितलं. काकू म्हणाल्या, आधी मागे वळून बघायला शिकव.

मग रांगच लागली. सगळ्यांना दूध बघायचं होतं. एकमेकींना सांगत होत्या, डावीकडे वळ, आता बघ, आता! दूध उतू गेलं की टाळ्या, हेडसेट पुढचीकडे. मयुरावहिनींना तेवढंही दिसलं नाही, त्या मागच्या फळीवरचे डबे बघत राहिल्या. बरण्या कुठून घेतल्या, सरोजिनी नगरच्या बाजारात का, असं मला विचारलं.

सातव्या मिनिटापर्यंत कोणीच पोचलं नाही. नाव म्हणाल तर सगळ्या तिला आळशी म्हणत होत्या. पण अठरा प्रेक्षक! सरांनी दहाच मागितले होते.

१९ जानेवारी, सोमवार
सरांनी नायिकेचं नाव किती जणींनी सांगितलं ते विचारलं. मी म्हटलं, अठरा जणींनी तिच्याबद्दल तीव्र मत व्यक्त केलं. त्यांनी हेडसेटचा केशरी स्पंज नखाने खरवडून बघितला. अच्छा, एवढंच म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत खूप विचार केला. लेखिकेची शब्दांवर पकड हवी. म्हणून सबटायटलच्या टेबलावर जायचा निर्णय मी स्वतःहून घेतला आणि दोन वाजता तसा मेल पाठवला. सरांचं उत्तर लगेच आलं: तुझा कॉम्प्युटर सकाळीच तिकडे हलवलाय.

आमचे विचार किती जुळतात! खुर्ची मात्र मी स्वतः ढकलत नेली.