पाच नंबरचा पंखा शेवटी

बाबा, जमलं! सकाळी सव्वादहाला जमलं, आणि आता जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच बाजूला सारून मी लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी हे सांगावं असं दुसरं कोणी सुचेना. तुम्ही हिंगणघाटच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतात, ती ही नव्हे. ही नाचणगावच्या बाजूची, नवी. इथे यंत्रायंत्राजवळ बटनं नाहीत. एका खोलीत कपाटाएवढं पॅनल आहे. एकदाच बटन दाबायचं; मग कोणतं यंत्र कधी सुरू होईल, काही अडलं तर कोण थांबेल, ते सगळं आधीच पायरीपायरीने त्यात लिहून ठेवायचं. आणि ते लिहिणार कोण, तर मी. हसू नका.

मी सातवीत होते. दिवाळीच्या सुट्टीत तुमचा डबा घेऊन तुमच्या जिनिंगमध्ये आले होते. भिंतीवरच्या स्टार्टरांवर तुम्ही लाल ऑइलपेंटने नंबर टाकलेले: गाठी बांधणाऱ्या प्रेसकडे रुई नेणाऱ्या पट्ट्याला एक, सरकीच्या पट्ट्याला दोन, रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांना तीन, रेच्यांवर कापूस नेणाऱ्या पट्ट्याला चार, आणि ढिगातून कापूस ओढणाऱ्या पंख्याला पाच. मला वाटलं, आमच्या बाबांना मोजताच येत नाही! कापूस तर पंख्यातून आत येतो, मग पहिला नंबर त्याचा नको? तुमची पाठ वळली आणि मी पाच नंबरचं हिरवं बटन दाबलं. बाई गं! पुढचं सगळं बंद, आणि वरून कापूस धो धो येऊन राह्यला. तुम्ही धावत आलात. “काऊन दाबलं व? अक्कल कुठी ठेवून आली?” मग तो कोंबलेला कापूस माझ्याच हाताने उपसायला लावलात, आणि शेजारी उकिडवे बसून म्हणालात, “पुढची वाट मोकळी नाई तं मागून आलेला माल जाईन कुठी? शेवटचं पह्यले चालू करा लागते, पोरी.” मी इतकी रडत होते की काही डोक्यात शिरलं नाही.

नागपूरचा साहेब पॅनल बसवून, चार दिवस शिकवून गेला. मालक शेठजींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “मॅडमले जमलं तं पॅनल मॅडमचं. नाई तं सीझनभर नागपूरचा माणूस ठीवू, मॅडमनं हापिसात टायपिंग करावं.” टायपिंग! यासाठी का मी डिप्लोमा केला? रात्रंदिवस डोक्यात त्या पायऱ्याच. काल ट्रायल घेतली. कापूस जसा जातो तशाच पायऱ्या मी लिहिल्या होत्या, आधी पंखा, मग पट्टा, मग रेचे. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पट्ट्यावर कापसाचा डोंगर. अठ्ठावीस वर्षांची डिप्लोमावाली बाई, आणि चूक सातवीतलीच! शेठजी म्हणाले, “उद्या सकाळी अजून एकदा पाहू. मग नागपूरले फोन.”

कापूस उपसायला मी आपणहून बसले, आणि उपसता उपसता तुमचे ते लाल नंबर डोळ्यासमोर आले. उलटे नव्हतेच ते! मी उठलेच. पण नुसता क्रम फिरवून भागेना, कारण एक सुरू झाल्यावर दुसऱ्याने किती थांबायचं? आणि मग तुमचा हात आठवला. एक नंबर सुरू करून तुम्ही पट्ट्याच्या झाकणावर तळहात टेकवून उभे राहायचात. मी समजायचे, बाबा दम खातात. दम कसला, पट्टा खरंच फिरतोय का ते तुम्ही बघत होतात! मोटर फिरली म्हणजे पट्टा फिरलाच असं थोडंच आहे? इथे पट्ट्याच्या टोकाला सेन्सर असतो, तो पॅनलला तेच सांगतो. मी प्रत्येक पायरीत घातलं: आधीच्या नंबरने ‘फिरतोय’ म्हटल्याशिवाय नंतरचा उठणार नाही.

आज सकाळी बटन दाबलं. एक सुरू. दोन... आणि सगळं गप्प. शेठजी म्हणाले, “झालं? पडलं बंद?” मी म्हटलं, “बंद नाई पडलं शेठजी, थांबलं आहे. दोन नंबर पाहा.” सरकीच्या पट्ट्यात बारदान्याचा तुकडा अडकला होता! पंखा सुरूच झाला नाही, म्हणून एक बोंडभरही कापूस वाया गेला नाही. तुकडा काढला, पुन्हा बटन दाबलं, आणि एक, दोन, तीन, चार आणि शेवटी पाच, ओळीने, कोणी हात न लावता! मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. पिटल्या तर पिटल्या. शेठजी म्हणाले, पॅनल मॅडमचंच.

पॅनलच्या दाराच्या आतून नकाशे ठेवायचा कप्पा आहे, हा कागद तिथेच ठेवते. एक सांगायचं राहिलं. शेठजींनी मग विचारलं होतं, “हे उलटं चालू करणं कुठी शिकले मॅडम?” माझ्या डोळ्यांपुढे तुमचा ग्रीसने काळा झालेला पायजमा आला, आणि बाबा, मी म्हणाले, “कॉलेजात.”