कुंपणापलीकडचा आवाज

खालापूर
१० फेब्रुवारी २०२६

चि. किशोर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

ह्यांचं तेरावं झालं तरी तुझा पोरगा ओमकार आला नाय. तू आलास, पानावर बसलास, आणि बहिणीच्या तोंडाकडं न बघता उठून गेलास. फोन वाजून वाजून बंद पडतो, म्हणून लिवते. चवथीपर्यंतच गेलेय, चुका काढत बसू नको.

शेजारच्या गोदामावर लडकू राखणीला होता, तवा म्हैस तारेतून आत शिरली की तो लांबूनच "कोण हाय रं?" म्हणून हाळी द्यायचा. हे म्हणायचे, मी हाय. मग दोघं मिळून म्हैस हाकलायचे, वर तंबाखू मळायचे. लडकूला काढलं आणि ते चाकांवरचं बंदूकवालं यंत्र आणलं. त्या दिवशी म्हैस आत गेली, हे मागोमाग गेले. मोतीबिंदूमुळं माणूस दिसत नव्हता, आवाजावरनंच ओळखायचे. यंत्रानं तीनदा थांबा म्हटलं. हे थांबले नाय. रबरी गोळी गळ्यात बसली. गोदामाचा साहेब म्हणतो, सगळं नियमानं झालं. बंदूक कुणाच्या हातात होती, असं फौजदार मलाच इचारतो.

बांधावर गवत कापणारी सुरेखा सांगते, हे हसत पुढं गेले. म्हणाले, "आरं ओमकार, कधी आलास?" मी तिलाच येड्यात काढलं. काल मी स्वतः तारेपाशी गेले, आणि ते यंत्र बोललं. ज्या पोराला मी न्हाऊ घातलं, त्याचा आवाज मला कळणार नाय व्हय?

खरं काय ते लिव. माया कमी करू नको, पण खोटं लिवू नको.

तुझी ताई
गौरा

नेरळ
१४ फेब्रुवारी २०२६

ती. गं. भा. ताईस किशोरचा सा. नमस्कार. वि. वि.

आवाज ओमकारचाच आहे. ही यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत तो लागला, तेव्हा पहिल्याच महिन्यात त्याला काचेच्या खोलीत बसवून अकरा वाक्यं म्हणवून घेतली. थांबा. पुढे येऊ नका. ही शेवटची सूचना. यंत्र कुठे जाणार ते त्याला ठाऊक नव्हतं. गोळी कुणी सोडत नाही ताई, तीन सूचनांनंतर यंत्रच ठरवतं.

पोरानं बोलणं सोडलंय. पाणीसुद्धा खुणेनं मागतो. भावोजींच्या खांद्यावर बसून त्यानं माथेरान पाहिलं, हे मी विसरलेलो नाही. आमच्यावरचा लोभ तुटू देऊ नकोस.

तुझा
किशोर

खालापूर
१८ फेब्रुवारी २०२६

चि. किशोर यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला गं. भा. पहिल्यांदा कुणी लिवलं तर तू. असू दे.

पोराला जेवू घाल. त्याच्यावर राग नाय माझा. हे थांबले नाय ते त्याच्या भरवशावर, पण एवढं त्याला सांगू नको.

यंत्र अजून तिथंच हाय. रोज सांजच्याला म्हैस आणाया जाते, तर तारेपलीकडनं आपलाच पोर मला थांबा म्हणतो. मी थांबते. साहेब म्हणतो, आवाज बदलून देऊ. आवाजाचं काय दुखणं हाय?

अकरातली तीनच वाक्यं लिवलीस. राहिलेल्या आठांत "कोण हाय?" असं एक तरी होतं का? लडकूला ते कुणी शिकवलं नव्हतं. होतं, तर यंत्रानं इचारलं का नाय? आणि नव्हतं, तर वाक्यं लिवून देणाऱ्याला समोर कोण हाय ते कळूनच घ्यायचं नव्हतं. ते ओमकारनं स्वतःच्या तोंडानं मला सांगायचं. माया हाय तशीच हाय, पण तेवीस तारखेला, सोमवारी, फौजदारानं बोलावलंय. तवर मला उत्तर पायजे.

ताई