फ्रिजवर लावायचं स्टिकर

अटलांटा, निवडणुकीनंतरचा दिवस

प्रिय आई,

तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना आधी नमस्कार, मग तुला! आम्ही मजेत आहोत. तुझ्या नातीचा खोकलाही गेला.

मत दिल्यावर केंद्रावर देतात ते स्टिकर सोबत पाठवतेय. दर निवडणुकीला फ्रिजवर बाबांच्या फोटोशेजारी लावतेस ना, म्हणून.

काल सकाळी सहापासून रांगेत होते. आमच्या वस्तीला आता एकच केंद्र उरलंय. तीन तासांनीही पुढे साठेक माणसं होती. उशीर झाला तर एजन्सी माझं काम दुसरीला देते. मागची आजी म्हणाली, "जा बाई, पोटाला थोडीच रांग कळते!" मी निघाले.

मी जिच्या घरी कामाला जाते, ती वुडरफबाई दहा मिनिटांत मत देऊन आली होती. "रांग? कसली रांग?" म्हणाली आणि आपलं स्टिकर माझ्या छातीवर चिकटवलं. "असू दे गं, छान दिसतं." मी दिवसभर मिरवलं.

तुला हे सांगणारच नव्हते. पण मतदार यादीत नाव घालायला गेलेल्या बाबांना गोऱ्या कारकुनांनी सहादा हाकललं, तरी ते सातव्यांदा गेले होते. मला तर कुणी हाकललंही नाही.

गोळ्या वेळेवर घे. आणि आई, स्टिकर त्यांच्या शेजारी लावू नकोस.

तुझी,
डेल्फीन